गार्डसाहेबांचा निरफणस

खोली भाड्यानं देताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो आडनावाचा नव्हता.

त्याआधी पिंगळीत मी चार घरांचे उंबरे झिजवले होते. शाळेत नवा मास्तर आलाय म्हटल्यावर लोक सतरंजी टाकायचे, शाळेची चौकशी करायचे, मग सहज विचारावं तसं आडनाव विचारायचे. ते ऐकलं की त्यांना एकदम आठवायचं, खोली तर कालच मेहुण्याला देऊन टाकली. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. धर्म बदलला तरी आडनाव जुनंच राहिलं होतं आणि ते लोकांना पाठ होतं. चार घरांत चार मेहुणे निघाल्यावर मी रोज परभणीहून गाडीनं ये-जा करायची तयारी ठेवली होती. तेव्हा कुणीतरी म्हणालं, स्टेशनामागच्या गार्डसाहेबांना विचारून बघा, पण माणूस जरा सर्किट आहे.

त्यांनी मला ओसरीवर बसवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "रोज कोणती गोळी, काढा, चूर्ण, काही घेता का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मान नगं. मोठ्यानं बोला."

"काही घेत नाही."

"मग ऱ्हा. किल्ली खुंटीला हाय."

असं मला पिंगळीत घर मिळालं. सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. त्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो आणि तीन वर्षांत गार्डसाहेबांबद्दलचं माझं मत कितीतरी वेळा बदललं. सुरुवातीला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. मग वाटलं, हट्टी आहे. शेवटी जे वाटलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय.

ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले आणि निजामाच्याच रेल्वेत चिकटले. राज्य गेलं, रेल्वेची नावं बदलली, हे मालगाडीच्या शेवटच्या डब्यात आपले झेंडी धरून उभे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्यांची बदली झाली गोव्याच्या लाइनीवर, घाटाखाली. तिथल्या एका फाटकवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना निरफणस दाखवला. फणसाचा चुलत भाऊ म्हणा. त्याला काटे बोथट आणि गरे नाहीतच. काप करून तळायचे नाहीतर भाजी करायची. ती म्हातारी त्याचं पिकून पिवळं पडलेलं पान उकळून साखरेच्या आजारावर आणि रक्तदाबावर द्यायची. माणसं निवृत्त होताना घड्याळ आणतात, शाल-नारळ आणतात. हे निरफणसाच्या मुळाला फुटलेला एक कोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. वाटेत प्रत्येक स्टेशनावर उतरून त्याला पाणी पाजलं म्हणे.

आता परभणीची काळी जमीन कापसाला आई असली तरी समुद्राकाठच्या झाडाला सावत्र आईच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पौषात थंडी हाडांत शिरते. ह्यांनी त्या झाडाला तुराट्यांचा मांडव घातला, थंडीत गोणपाट नेसवलं. बहात्तरच्या दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा ह्यांनी तोड काढली. झाडाच्या आळ्यात पाट टाकून बसायचं आणि तिथंच अर्ध्या बादलीत अंघोळ करायची, तीही एक दिवसाआड. गाव हसलं. ते म्हणाले, "पाणी माझ्याच वाट्याचं हाय. अंगावरून जाऊन मग झाडाला जायलाय, तुमचं काय गेलं?" दुष्काळ सरला तरी ती सवय मोडली नाही. मी राहायला गेलो तेव्हा झाड घराच्या पत्र्यावर गेलं होतं, पानं सुपाएवढी झाली होती, आणि मालक रोज सकाळी त्याच्या बुंध्याशी साबण लावत बसलेले असायचे.

फळं मी पाहिली ती तीनच. त्यातल्या पहिल्याचे काप त्यांनी स्वतः तळले, स्वतः खाल्ले आणि मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी म्हटलं, गोव्याला लोक हे पोटभर खातात ना? म्हणाले, "तिथल्या मातीतलं खातेत. ह्या मातीतलं अजून कुणी खाल्लेलं न्हाई." झाडाचा चीक गजकर्णावर चांगला, असंही त्यांनी तिकडं ऐकलं होतं. गावातला एक जण चीक मागायला आला तर त्याला आठ दिवस थांबवलं आणि स्वतःच्या दंडावर लावून पाहिलं. दंड लालभडक होऊन सुजला. तो दंड ते महिनाभर बाह्या दुमडून ज्याला-त्याला दाखवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

रेल्वेच्या कडेकडेनं बातमी पसरते तशी ह्या पानाची पसरली. गँगमननी सांगितलं, तिकीट तपासणाऱ्यांनी सांगितलं, आणि पार सेलूहून लोक पॅसेंजरनं उतरून स्टेशनामागं येऊ लागले. पान फुकट होतं. पण त्याआधी जे होतं ते फुकट नव्हतं. आलेल्याला ओसरीवर बसवायचं. तिसरं माणूस साक्षीला हवंच. नसलं तर स्टेशनातून हमाल बोलावून आणायचे. मग प्रश्न. साखर कुणी तपासली? डॉक्टरची गोळी चालू आहे का? चक्कर येते का? घरात पोटुशी कुणी आहे का, जी चुकून हा काढा पिईल? प्रत्येकाचं उत्तर साक्षीदाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं द्यायचं. गोळी चालू आहे म्हटलं की विषय संपला. "गोळी सोडू नगा. पान मिळणार न्हाई. रामराम." लोक चिडायचे. कुणी गयावया करायचं. ते म्हणायचे, "एका लाइनीवर दोन गाड्या सोडत नसतेत."

हे त्यांचं आवडतं वाक्य. मला त्यांनी ते नीट समजावलं होतं. एकेरी लाइनीवर पुढच्या स्टेशनपर्यंत जायला ड्रायव्हरच्या हातात एक खूण द्यावी लागते. ती त्याच्या हातात आहे तोवर दुसरी गाडी त्या टप्प्यात शिरू शकत नाही. गोळी ही एक गाडी, पान ही दुसरी. "दोन्ही साखरच उतरवायला निघाल्या, तर मधी टक्कर कुणाची? माणसाची."

"पण हे पान खरंच औषध आहे का?" मी एकदा विचारलं.

"ठाऊक न्हाई. लोक पितेत, मी लिहून ठेवतो." त्यांची एक उर्दूत लिहिलेली वही होती. तिच्यात पहिला रुग्ण म्हणून त्यांचं स्वतःचंच नाव होतं. महिनाभर काढा पिऊन पाहिला होता आणि अकराव्या दिवशी विहिरीवर भोवळ आली होती, तेही इमानदारीनं नोंदवलं होतं. "गुण आला असं सांगणारे शंभर भेटतील. भोवळ आली असं सांगणारा एक तरी पायजे का न्हाई?"

"एवढी कसली भीती तुम्हाला?"

"भीती न्हाई मास्तर, नोकरी. तीस वर्षं केली, आता सुटंना."

माझे वडील गेल्यावर आई पाथरीकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडं राहायला आली. आई सुईण होती आणि काविळीचं औषधही द्यायची. रविवारी, सूर्य वर यायच्या आत. कुठला पाला ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. पाला घरात आणायचा तोही पदराखाली आणि वाटून गोळा करूनच बाहेर द्यायचा, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. आमच्याकडं ही जुनीच रीत होती. दवेचं नाव तोंडातून गेलं की दवेचा गुण गेला. देणाऱ्यानं सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. आता बघा, एकाच छपराखाली एकीकडं न बोलणारी आई आणि दुसरीकडं बोलल्याशिवाय पान न देणारे गार्डसाहेब. मला गंमत वाटायची. पुढं काय वाढून ठेवलंय ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

आईला साखरेचा आजार निघाला होता. परभणीच्या डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली होती. ती गोळी ती ज्वारीच्या डब्यात ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून घ्यायची. निरफणसाची कीर्ती तिच्या कानावर आठवड्याभरात गेली. एका सकाळी तिनं मला चुलीपाशी बोलावलं.

"मी गार्डदादाकडून पान घ्यायलेय. मी काय बी बोलले तरी तू मधी पडू नको."

"ते विचारतील, गोळी चालू आहे का."

"इचारू दे. एका दवेला दुसरीचं नाव कळू द्यायचं नसतं. कळलं की दोघी रुसतेत. तुला माझी आण हाय."

ओसरीवर आई बसली. गार्डसाहेबांनी सगळे प्रश्न क्रमानं विचारले, जराही सूट दिली नाही.

"डॉक्टरची गोळी चालू हाय?"

"न्हाई," आई मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज मुळीच कापला नाही.

"साक्षीला कोन?"

"हा काय, माझा लेक हाय की."

गार्डसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी दाराला टेकून उभा होतो. मी एक शब्द बोललो असतो तर हे सगळं तिथंच संपलं असतं. पण आईची आण होती, आणि खरं सांगायचं तर पानानं गुण यावा असं मलाही आतून वाटत होतं. मी मान डोलावली. एरवी मान चालवून न घेणाऱ्या त्या माणसानं माझी मान तेवढी चालवून घेतली. मी मास्तर होतो ना.

बावीस दिवस आई गोळी आणि काढा दोन्ही घेत होती. तिला हलकं वाटत होतं, पाय ठणकत नव्हते, आणि मी मनात म्हणत होतो, बघा, उगीच भीती. तेविसाव्या दिवशी पौर्णिमा आली. दर पौर्णिमेला आईचा उपास असायचा. सकाळी तिनं गोळी घेतली, काढा घेतला आणि पोटात अन्नाचा कण न घालता पांढरं लुगडं नेसून बसली. दहाच्या सुमाराला शाळेत निरोप आला. मी धावत गेलो तर आई घामानं भिजली होती. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. मेलेल्या मामाला हाका मारत होती. मग हाकाही थांबल्या.

परभणीची पॅसेंजर स्टेशनात उभी होती. गार्डसाहेब अनवाणी फलाटावर धावले आणि त्यांनी गाडीच्या गार्डला काय सांगितलं कोण जाणे, पण गाडी थांबून राहिली. आईला शेवटच्या डब्यात, गार्डच्या बाकावर निजवलं. शेजारच्या गिरणीवाल्यानं पाय धरले होते. निघता निघता गार्डसाहेबांनी निरफणसाचं एक पान तोडून घेतलं. गिरणीवाला म्हणाला, आता पानाचं काय काम? ते म्हणाले, "पोटात काय गेलंय ते डॉक्टरला दावायला पायजे."

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरत विचारलं, "रोज काय घेतात?"

"साखरेची गोळी," मी म्हणालो.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गार्डसाहेबांनी वळून माझ्याकडं बघितलं. त्यांना तेव्हा कळलं.

"आणखी काही?"

"काही नाही," मी म्हणालो. आई समोर मरत होती आणि मी तिची आण पाळत होतो. असा मूर्खपणा शिकलेला माणूसच करू जाणे.

गार्डसाहेबांनी पान पुढं केलं. "हे घेतेत. निरफणस. रोज एक पिवळं पान, दोन कप पाण्यात, एक कप उरंपतोर उकळून. बावीस दिवस झाले, आज तेविसावा."

डॉक्टर तरुण होते. सलाईन लावत लावत ते भडकले. "गोळ्या चालू असताना? तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

गार्डसाहेब पुन्हा एकदा माझ्याकडं बघत राहिले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी खाटेवर पडलेल्या आईकडं पाहिलं.

"न्हाई इचारलं," ते म्हणाले. "माझ्याकडून ऱ्हायलं."

गिरणीवाल्यानं ते ऐकलं. वॉर्डातल्या दोन-चार माणसांनी ऐकलं.

शिरेतून साखर गेली तशी आई तासाभरात शुद्धीवर आली आणि तिनं पाणी मागितलं. मी भिंतीला धरून रडलो. नंतर डॉक्टर जरा शांत झाले. म्हणाले, गोळी घेऊन उपाशी राहिलं तरी असं होऊ शकतं. पानानं त्यात किती भर घातली, की घातलीच नाही, हे मला सांगता येणार नाही. मला ह्या पानाची माहिती नाही, आणि ज्याची माहिती नाही ते दुसऱ्या औषधाबरोबर पोटात घालू नये. गार्डसाहेब खाली मान घालून ऐकत होते. त्यातलं एकेक वाक्य त्यांनी आपल्या ओसरीवर शेकडो वेळा म्हटलेलं होतं.

आम्ही परत यायच्या आधी बातमी पिंगळीत पोचली. मास्तरच्या आईला गार्डानं पाल्यानं मारलं असतं. आमची कोर्टासारखी उलटतपासणी घेतो आणि स्वतःच्या भाडेकरणीला न विचारता देतो. ज्यांना पान नाकारलं होतं त्यांना तर बोलायला आयतंच कोलीत मिळालं. सेलूहून येणारे थांबले. मुलं ओसरीसमोरून जाताना "गोळी चालू हाय का" असं ओरडून पळायला लागली. गार्डसाहेबांनी झाडाभोवती बाभळीच्या काटेरी फेसाट्या लावल्या आणि वही पेटीत टाकली. पुन्हा त्यांनी कुणालाही पान दिलं नाही. आमच्यावर मात्र राग धरला नाही. रोज सकाळी खोलीच्या दाराशी येऊन तेवढं विचारायचे, "बाई, भाकर खाऊनच गोळी घेतली ना?" आणि आई आतून हो म्हणायची. त्यापलीकडं दोघांत बोलणं उरलं नव्हतं.

खरं काय ते गावाला सांगायचं मी रोज ठरवत होतो. आज शाळा सुटल्यावर, उद्या बाजारच्या दिवशी. पण खोटी साक्ष देणारा मास्तर म्हणून वर्गात कसं उभं राहायचं? आधीच कशीबशी मिळालेली जागा. अशी दहा कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण एकच होतं, मी भित्रा होतो. गार्डसाहेबांनीही मला कधी एका शब्दानं टोकलं नाही. कधीकधी वाटायचं, ह्या माणसानं मला एकदा तरी शिवी हासडावी.

चार महिन्यांनी माझी सेलूला बदली झाली. सामान आदल्या दिवशी पाठवलं होतं. फलाटावर मी, आई आणि आम्हाला पोचवायला आलेले गार्डसाहेब. गिरणीवाला होता, शाळेतले दोघं होते, गाडीची वाट बघणारी इतर दहा-पंधरा माणसं होती. गिरणीवाल्याला चेष्टा सुचली.

"गार्डसाहेब, मास्तरच्या आईला वाटंला शिदोरी म्हून एक पान तरी द्या की."

लोक हसले. गार्डसाहेब रुळांकडं बघत राहिले.

आईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यांनी मला इचारलं व्हतं," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "गोळी चालू हाय का, असं तोंडावर इचारलं व्हतं. मीच न्हाई म्हणाले. दवा बोलून जाती म्हून खोटं बोलले. दादांनी दवाखान्यात माझं पाप सोताच्या अंगावर घेतलं. त्यांना नावं ठेवू नका, मला ठेवा."

उभ्या जन्मात जिनं एका पाल्याचं नाव तोंडातून काढलं नाही, ती बाई भर फलाटावर एवढं बोलली. कुणी हसलं नाही. गार्डसाहेबांचा चेहरा हलला. "बाई, बसा. उनात उभ्या ऱ्हाऊ नका," एवढंच ते म्हणाले.

गिरणीवाला वरमला होता, पण त्याला त्यांची रीत चांगली ठाऊक होती. त्यानं विचारलं, "मग तवा साक्षीला कोन व्हतं?"

मी तोंड उघडलं. उघडलं होतं एवढं नक्की. पण आईनं माझ्याकडं न बघताच उत्तर देऊन टाकलं.

"कुणी नव्हतं. मास्तर शाळंत गेलते."

गार्डसाहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. साक्षीशिवाय त्यांनी आयुष्यात कुणाला पान दिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही दिलं नव्हतं, हे तिथं आम्हा तिघांनाच माहीत होतं. "व्हय," ते गिरणीवाल्याला म्हणाले. "त्या दिवशी साक्षीला कुणी मिळालं न्हाई. तेवढी चूक माझी हाय."

गाडी आली. मी आईला वर चढवलं, गाठोडं घेतलं, गार्डसाहेबांच्या पाया पडलो आणि बसलो. मी काहीच बोललो नाही. पुढं वर्षाभरात ते वारले आणि आईही आता नाही. म्हणून निदान आता तरी मोठ्यानं सांगतो. मी शाळेत गेलो नव्हतो. साक्षीला मी होतो.